बिनमिशांची काच

२ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज ब्लॉक. मेल बहुतेक न वाचताच उडवतेस. पण टपाल ब्लॉक करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही, म्हणून पत्र. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी तीन मिळाले होते, तेही पाकिटाचा चौकोन सरळ काढला म्हणून. तेव्हा सांभाळून घे.

पहिलीच गोष्ट, मी माफी मागायला लिहीत नाहीये. नोव्हेंबरात तुझ्या पीएचडीच्या कमिटीसमोरच्या ट्रेमध्ये पावाची स्लाइड ठेवली ती मीच. मी कुठे नाही म्हणाले? पाव मेणात बसवला, कापला, गुलाबी रंगवला, तुझ्या स्लाइडांच्या मधोमध खोचला. ते बाहेरून आलेले मोठे डॉक्टर दुर्बिणीत तीन मिनिटं डोळा लावून बसले आणि म्हणाले, "कॅन्सर आक्रमक दिसतोय." पाव! आता पाव ठेवणारी वाईट की पावाला आक्रमक म्हणणारा वाईट, ते तूच ठरव. सगळी खोली हसली. तू नाही हसलीस. महिन्याभरात बॅग भरून दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये गेलीस, ती अजून बोलत नाहीस.

पण एक मान्य कर. त्या काचेच्या कोपऱ्यात मिशीवाला होता. डायमंड पेन्सिलीनं कोरलेला, दोन डोळे, खाली झुपकेदार मिशा. सात वर्षांची असताना तुझ्या कंपासपेटीत बेडूक ठेवला, तेव्हा झाकणावर पण काढला होता. तुझं घड्याळ दोन तास पुढे केलं आणि तू सुट्टीच्या दिवशी अंधारात शाळेत पोचलीस, त्या घड्याळाच्या पाठीवर पण. माझी खोडी मी कधी बेवारस सोडत नाही.

बरं, कामाचं. सरांनी चौदा नंबरच्या पेशंटचं परत कापायला सांगितलंय. तुझ्या संशोधनाच्या पेपरात छापायला फोटो सुबक हवाय म्हणे. तुझं संशोधन मी आईला असं सांगते: पुरुषांच्या प्रोस्टेटमधला कॅन्सर घर सोडून हाडात राहायला कधी जातो? सगळं जग म्हणतं, गाठ मोठी झाली की. आमची ताई म्हणते, गाठ वाटाण्याएवढी असतानाच. अठरा माणसांपैकी पाच जणांच्या हाडाच्या मगजात तिला त्या पेशी सापडल्या. तुझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण, सगळ्यात भारी. बरोबर सांगते ना?

तर चौदा नंबरच्या मगजाच्या दहा स्लाइड कापल्या. रंगाच्या मावशीनं रंगवल्या. दहाच्या दहा कोऱ्या. एकही पेशी नाही.

काही नसेल. विरळच असतात म्हणे. पण तुला सांगावंसं वाटलं.

किडा


९ फेब्रुवारी

ताई,

गेल्या पत्रात एक गोष्ट दाबून ठेवली. आज सांगते. आधी बस.

दहा स्लाइड कोऱ्या निघाल्यावर मावशीनं चौदा नंबरची तुझी जुनी स्लाइड काढली. ती बाई तीस वर्षं स्लाइडी रंगवतेय. चष्मा कपाळावर, डोळा दुर्बिणीला, हात बटणावर. बटण एकदा पुढे, एकदा मागे. मग मला म्हणाली, "ये गं नाचरे, बघ. मगज स्पष्ट केला की पेशी धूसर. पेशी स्पष्ट केल्या की मगज धूसर."

"म्हणजे?"

"म्हणजे पेशी मगजात नाहीत. मगजाच्या वर बसल्यात. गादीत ढेकूण असणं वेगळं आणि गादीवर पडलेला असणं वेगळं."

आणि वर कसं येतं ते मला माहितीये. मेणाचा ठोकळा कापला की पातळ रिबन निघते, ती आपण कोमट पाण्यावर सोडतो, सुरकुत्या गेल्या की काच खाली घालून उचलतो. पाण्यावर बारीक तुकडा मागे राहतो. म्हणून दोन ठोकळ्यांच्या मधे टिशू पेपरनं पाण्यावरची साय काढल्यासारखं पाणी पुसून घ्यायचं. पहिल्या दिवशी तूच शिकवलंस. नाही पुसलं तर आधीच्या ठोकळ्याचा तुकडा पुढच्या काचेवर जाऊन बसतो.

आणि आपण प्रत्येक माणसाचा आधी प्रोस्टेट कापतो, मग लगेच त्याचा मगज. त्याच पाण्यात.

मी रजिस्टर काढलं. तुझे पाचही जण, चौदा नंबर धरून, एकाच दिवशी कापलेत. त्या दिवशी सहा माणसं कापली, पाचांत पेशी निघाल्या. बाकीचे बारा जण इतर दिवशी कापले, त्यांच्यात शून्य. तारीख १९ ऑगस्ट. कापणारी मी.

१९ ऑगस्ट आठवतो? नाहीतर मी आठवण करून देते. सरांचा वाढदिवस. मी लॅबमधले सगळे टिशू पेपरचे रोल वापरून त्यांची खुर्ची, टेबल, फोन, पेनस्टँड, अगदी कोट अडकवायची खुंटीसुद्धा गुंडाळली होती. त्या दिवशी तू हसलीस. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलीस. सर पण हसले, कागदी खुर्चीत बसून फोटो काढून घेतला, तो अजून त्यांच्या टेबलावर फ्रेममध्ये आहे.

आणि मी कापायच्या यंत्रावर येऊन बसले तर पुसायला कागद नव्हता. एक चौकोनसुद्धा. मी म्हटलं, एक दिवस नाही पुसलं तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि नुसत्या ब्रशनं कडेला सारत गेले.

बघ, ज्या खोडीवर तू चिडलीस ती बिचारी निरुपद्रवी होती. आणि जिच्यावर हसलीस तिनं तुझं चौथं प्रकरण खाल्लं.

पेपर पाठवू नकोस. थांबव.

किडा


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "माझ्या कामात लुडबुड करू नकोस." पाच शब्द. चार वर्षं पीएचडी करून पाचच? असो, अक्षर बघून बरं वाटलं.

लुडबुड करणार. तुझ्या कामात माझा हात मनगटापर्यंत आहे. त्या प्रत्येक स्लाइडला मी ब्रशनं गोंजारलंय.

मी सरांकडे गेले. ते घसा साफ करतात ते तुला माहितीये. मी सगळं सांगितलं. ढेकूण, गादी, रजिस्टर, टिशू पेपर. ते ऐकत राहिले.

"हं. हं. पुन्हा कापल्यावर पेशी दिसल्या नाहीत म्हणजे त्या नव्हत्या, असं होत नाही."

"बरोबर सर. पण पाचही त्याच दिवशी?"

"योगायोग."

"मग त्या तुकड्याची डीएनए तपासणी करा ना. कोणाचा आहे ते कळतं म्हणे."

"काय कळणार? चौदा नंबरचा मगज, चौदा नंबरचाच प्रोस्टेट. हाडात गेला असला तरी त्याचाच, पाण्यातून आला असला तरी त्याचाच." मग माझ्याकडे बघून जरा हसले. "विचार चांगला केलास. पण तू पावाचा कॅन्सर करणारी मुलगी. तुझ्या शब्दावर मी एका मुलीचं चार वर्षांचं काम फेकून देऊ?"

मी रजिस्टर मिटून काखेत मारलं.

ते बरोबर बोलत होते ना. तिथेच तर घोडं अडलंय. तपासणीनं उत्तर मिळत नाही, आणि माझ्या शब्दाला किंमत नाही.

पण ताई, बाहेर पडताना त्यांनी आणखी एक सांगितलं. पेपर छापून आला की रुग्णालयवाले लहान गाठीच्या माणसांनासुद्धा ती हार्मोन दाबायची इंजेक्शनं सुरू करायचा विचार करणार आहेत. मावशीच्या भावाला ती दिली होती. ती म्हणते, बसल्याजागी अंगातून वाफा निघायच्या, घामानं सदरा भिजायचा, आणि दोन वर्षांत जिन्यावरून घसरला तर मांडीचं हाड काडीसारखं मोडलं. त्याला गरज होती, म्हणून दिली. पण ज्याला गरज नाही त्याला?

मी चौदा नंबरला चौदा नंबर आजोबा म्हणते. कोण आहेत माहीत नाही. घरी वर्तमानपत्र वाचत बसले असतील, पाय हलवत. माझ्यापाशी टिशू पेपर नव्हता म्हणून त्यांना वाफा?

मी नाही ऐकणार. तुझं पण नाही, सरांचं पण नाही.

किडा


२३ फेब्रुवारी

ताई,

या पाकिटाबरोबर एक प्लॅस्टिकची डबी आहे. हळू उघड. आधी पत्र वाच.

मला उत्तर अंघोळ करताना सुचलं. बाई!

प्रत्येक खेपेला शेवटी आपण एका बाईचा मगज कापतो. ताळा बघायला. आपल्या रंगानं प्रोस्टेटच्या पेशी तपकिरी होतात आणि बाईला प्रोस्टेट नसतोच, म्हणून तिच्या काचेवर तपकिरी काही दिसलं की समजायचं, रंग खोटं बोलतोय. तीन स्लाइड कापतो, एक रंगवतो, दोन डब्यात ठेवून देतो. १९ ऑगस्टची रंगवलेली स्वच्छ होती. पण डब्यातल्या दोन? त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. आणि त्या बाईच्या आधी त्याच पाण्यात सहा पुरुष कापलेले.

ओल्या केसांनी धावत गेले. मावशी म्हणाली, "आधी केस पूस, नाहीतर तुझाच तुकडा पडेल स्लाइडवर." दोन्ही रंगवल्या. पहिली स्वच्छ. दुसरीच्या डाव्या कडेला, मगजाच्या वर, एक बारीकसा तपकिरी तुकडा. प्रोस्टेटच्या पेशी, गोल करून बसलेल्या, एकदम ऐटीत. बाईच्या हाडात!

मावशीनं दुर्बिणीवरून डोळा काढला आणि म्हणाली, "या बाईला आधी विचारायला हवं, घरी दाढी करते का."

मी उड्या मारत सरांकडे गेले. त्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग दुर्बीण बंद केली.

"ही तू आत्ता बनवलीस."

"काय?"

"तुला यंत्र येतं, पाणी येतं, ब्रश येतो. बाईच्या मगजावर प्रोस्टेटचा तुकडा बसवणं तुला पाच मिनिटांचं काम. पावापेक्षा सोपं."

मावशी म्हणाली, "सर, मी होते तिथे." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग ड्रॉवरमधून कागद काढून तिथेच लिहिलं. मी पाठ करून ठेवलंय: "मी गमतीने स्लाइडमध्ये फेरफार करून संशोधनाविषयी खोटी शंका निर्माण केली. हा माझा खोडसाळपणा होता. मी दिलगीर आहे." खाली सहीची रेघ. शुक्रवारी, सहा मार्चला, सही करायची. नाहीतर सोमवारपासून यायचं नाही.

मी म्हणाले, "सर, चूक म्हणून लिहा, दहा वेळा सही करते. खोडी म्हणून नाही करणार."

"फरक काय?"

"चूक म्हटलं तर स्लाइडी फेकाव्या लागतात. खोडी म्हटलं तर फक्त मला फेकायचं."

त्यांनी घसा साफ केला नाही. पहिल्यांदाच.

संध्याकाळी ते खाली गेले तेव्हा मी बाईची काच उचलली. हो, चोरली. ती डबीत आहे. तुकडा एकच, काच एकच. फोटो काढलेला नाही, मुद्दाम. फोटोत काय वाटेल ते करता येतं असं म्हणायला मोकळे. दुसरा पुरावा कुठे नाही. तू ही काच खिडकीतून टाकलीस तर तुझं चौथं प्रकरण वाचलं. तुझी पीएचडी जूनमध्ये. मी नोकरीवरून बाहेर. कुणाला कधी कळणार नाही.

जगात एकच माणूस आहे जो माझी खोडी आणि माझी चूक वेगळी ओळखू शकतो. म्हणून तुला पाठवतेय.

भिंग घे. चारही कोपरे बघ. मिशा शोध.

किडा


२ मार्च

ताई,

टपालवाल्यांच्या साइटवर दिसतंय, डबी गुरुवारी पोचली. सही तुझी. म्हणजे तुझ्या हातात आहे. आता चार दिवस झाले.

आईला सगळं सांगितलं. तिनं इस्त्री बंद केली, म्हणजे प्रकरण गंभीर.

"तू ना, हात धुऊन तिच्या मागे लागली आहेस."

"आई, मी तिला वाचवतेय."

"कुणापासून? तिच्या यशापासून? चार वर्षं ती पोरगी वेळेवर जेवली नाही. आणि तू, बारावीला दोनदा बसलीस, तू तिला सांगणार की तिचं चुकलं?"

"तिचं नाही चुकलं. माझं चुकलं."

"मग करून टाक सही आणि मिटव."

"सही केली की माझी चूक नाही होत गं, तिची होते. नंतर कुणीतरी दुसरं शोधून काढेल, तेव्हा तिच्या नावावर पडेल. माझी चूक आहे, माझ्याच नावावर राहू दे. मी नाही देत कुणाला."

आई म्हणाली, "लहानपणी दुसऱ्याचं खेळणं सोडायची नाहीस, तशी आता चूक धरून बसलीस." इस्त्री परत चालू केली. पण माझा लॅबचा पांढरा कोट पहिला घेतला. शुक्रवारसाठी. कॉलर दोनदा केली.

तू काय करशील मला माहीत नाही. खरंच. पहिल्यांदाच तुझ्याबद्दल अंदाज येत नाहीये. फोडलीस तर एकदा सांग, बस. भांडणार नाही. खोटं. भांडेनच.

किडा


७ मार्च

ताई,

काल शुक्रवार. तुला सगळं माहिती असणारच, पण माझ्या बाजूनं ऐक.

दहा वाजता सरांच्या खोलीत गेले. इस्त्रीचा कोट, खिशात स्वतःचं पेन. रात्रीच ठरवलं होतं, "खोडसाळपणा" खोडून "चूक" लिहायचं आणि मगच सही. मग काढून टाकलं तर टाकू देत. दारापाशी मावशी उभी होती. तिनं माझ्या पाठीवर एक धपाटा मारला.

सर टेबलाशी. समोर माफीनामा. आणि त्याच्या बाजूला, ताई, ती डबी! माझी डबी. तुझ्या अक्षरात त्यांचं नाव.

मला वाटलं, झालं. तूच परत पाठवलीस, चोरी पकडली.

सर म्हणाले, "बस." मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हं. मला एक सांग. या मिशांची काय भानगड आहे?"

"मिशा?" मी म्हणाले.

"तुझ्या बहिणीनं लिहिलंय, 'कोपरे भिंगानं तपासले. मिशा नाहीत. त्यामुळे ही खोडी नाही. चौथं प्रकरण मी मागे घेते.'" कागदावरून वर बघितलं. "माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत शास्त्रीय पुरावा म्हणून मिशा कुणी दिल्या नव्हत्या."

मी सांगितलं. बेडकापासून सुरू केलं. घड्याळाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला, खालचं ड्रॉवर उघडलं आणि पावाची स्लाइड काढली. जपून ठेवलीय त्यांनी! खिडकीशी नेली, तिरकी धरली, भिंग लावलं. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की मिशीवाला सापडला.

"हं," म्हणाले. मग जरा वेळानं, "हं."

मग मी म्हणाले, "सर, १९ ऑगस्टचा पुरावा तुमच्या टेबलावर पण आहे." आणि फ्रेम त्यांच्याकडे वळवली. कागदी खुर्चीत बसलेले ते, दात दाखवून हसतायत, फोनपण गुंडाळलेला, खुंटीपण. खाली कॅमेऱ्यानं छापलेली तारीख.

मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी फ्रेम उलटी केली, मागच्या पट्ट्या उघडल्या, फोटो बाहेर काढला. रजिस्टर मागितलं. १९ ऑगस्टच्या पानावर स्वतः गोंद लावून चिकटवला. बाजूला पेनानं लिहिलं: "या दिवशी पाणी पुसलेलं नाही. कारण चित्रात." आणि खाली सही. स्वतःची.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाचही जणांचं रुग्णालयाला मी आजच कळवतो. तू सोमवारी आठला ये."

चौदा नंबर आजोबांना यातलं काही कधी कळणार नाही. वाचत बसतील वर्तमानपत्र, पाय हलवत. बसू देत.

माझ्या नावाची तुझी चिठ्ठी डबीच्या झाकणात दुमडलेली होती, ती सरांनी न वाचता मला दिली. मी दहा वेळा वाचली. "सहाही जणांचं पुन्हा कापायचं. सोळा मार्चला पोचते. मी शेजारी उभी राहणार. टिशू पेपर मी आणते. आणि माझा राग गेलेला नाही."

राग असू दे. आपल्याकडे वर्ष आहे आता, जूनमधली पीएचडी तर गेली. रोज थोडा थोडा काढ. आणि परत कापल्यावर कुणाच्या मगजात खरंच पेशी निघाल्या तर? निघू देत! मग तुझंच खरं, आणि मी कमिटीसमोर पावाची माफीसुद्धा मागीन. मोठ्यांदा. पण निघाल्या तर मगजात निघाल्या पाहिजेत, मगजावर नाही.

फक्त एक. टिशू पेपर आणू नकोस. एवढं ओझं कशाला? इथे भरपूर आलाय, वर काल संध्याकाळी मी सरावाला एक ठोकळा कापून बघितला तेव्हा आणखी एक कागद कामाला आला. माफीनामा सरांनी टेबलावरच सोडला होता. मी उभ्या पट्ट्या फाडल्या आणि एकेक पट्टी पाण्यावरून अलगद ओढत गेले. मस्त पुसतो. सगळे तुकडे चिकटून येतात.

शेवटच्या पट्टीवर सहीची रेघ होती. कोरी. तिनं सगळ्यात जास्त कचरा उचलला.

किडा